सेवा हीच उपासना

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली एका विद्वान ब्राह्मण कुटुंबात झाला. आईने त्यांना लहानपणीच संस्कृत शिकविले. १८७४ साली दुष्काळात अन्नान्नदशा होऊन आईवडील मरण पावले. पुढे बहीणही गेली. भुकेचे ते दुःख रमाबाई कधीच विसरल्या नाहीत.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे अनेक देशबांधव दुरावले; परंतु त्या डगमगल्या नाहीत. १८९६ साली मध्यप्रांतात भीषण दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच स्वतः भोगलेली भूक त्यांना आठवली. त्या तेथे धावून गेल्या आणि शेकडो निराधार मुली व स्त्रिया यांना घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे 'मुक्तिसदन' उभे राहिले.

तेथे प्रार्थना केवळ मंदिरात राहिली नाही. ती शेतात, मागावर आणि छापखान्यात कष्टांच्या रूपाने चालू राही. अंध मुलीही तेथे शिकत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते सदनाच्याच छापखान्यात छापले गेले.

१९२२ साली त्यांचे निधन झाले. भुकेल्याला घास व निराश्रिताला घर देणे, हीच त्यांची नित्याची उपासना होती.