आनंदीबाईंचे ध्येय

कल्याणात वाढलेली यमुना नवव्या वर्षी विवाह होऊन आनंदीबाई जोशी झाली. त्यांनी शिकावे हा आग्रह प्रथम पती गोपाळरावांचा. ते टपाल खात्यात कारकून होते. परंतु चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत दगावला आणि वैद्यकविद्येचे ध्येय आनंदीबाईंचे स्वतःचे झाले. स्त्रियांवर उपचार करण्यास स्त्री डॉक्टर हवी, हे त्यांना कर्तव्य वाटले. १८८३ साली स्वधर्म न सोडता त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात पदवी मिळाली. कोल्हापुरात नेमणूकही झाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. रुग्णसेवा घडली नाही. तथापि दुसऱ्याने दाखविलेली वाट स्वतःच्या दुःखावर पारखून त्यांनी आपली केली. ते यश अपुरे नव्हते.