यमूला का मारलंत, हरिभाऊ?

मैत्रिणींनो, मालिकेतलं आवडतं पात्र मेलं की आपल्या घरात काय होतं, हे वेगळं सांगायला नको. भाजी करपते, पोळी तव्यावर फुगायची राहते आणि लिहिणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली जातात. २००१ साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मधला मिहिर गेला, तेव्हाचं आठवतंय ना? घराघरांत सुतकच पडलं होतं. प्रेक्षकांनी एवढी ओरड केली की शेवटी त्या मिहिरला परत जिवंत करावं लागलं!

हे खूळ काही टीव्हीने आणलेलं नाही बरं का. तिकडे इंग्लंडात १८९३ च्या डिसेंबरात कॉनन डॉयल या लेखकाने आपला लाडका गुप्तहेर शेरलॉक होम्स धबधब्यात पाडून मारला, तर वाचक चवताळून उठले. रागाची पत्रं आली, कित्येकांनी मासिक बंद केलं. दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, डॉयलने नव्या गोष्टीत दाखवलं की होम्स मेलाच नव्हता. लेखणी त्याच्याच हातात होती. मारायलाही आणि जगवायलाही.

पण मराठीत एक लेखक असा झाला, की त्याने मारलेली मुलगी काही परत आली नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं होऊन गेली, तरी तिची गोष्ट वाचणारी प्रत्येक बाई शेवटी त्याच्यावर चिडतेच. तो लेखक म्हणजे हरी नारायण आपटे, आणि ती मुलगी म्हणजे 'पण लक्षात कोण घेतो!' मधली यमू.

आमच्या धामणगाव बढे गावात आम्हा बायकांचा बचत गट आहे. महिन्याच्या हप्त्याचा हिशेब झाला की उरलेल्या वेळात काहीतरी वाचायचं, असं आम्ही मागच्या वर्षी ठरवलं. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कोणी तूर निवडतं, कोणी वाती वळतं. हरिभाऊंची ही जाडजूड कादंबरी आम्हाला चांगली सात-आठ महिने पुरली. भाषा जुनी, तरी यमू बोलायला लागली की आपलीच कोणी लेकबाळ बोलतेय असं वाटायचं. तिचं लहानपण, आईचा घरातला मुका सासुरवास, मैत्रीण दुर्गीचा नवऱ्याकडून होणारा छळ, हे सगळं ऐकताना बायका मध्येच आपापल्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या. मग यमूला रघुनाथरावांसारखा भला नवरा मिळाला. तो तिला लिहायला-वाचायला शिकवतो, मुंबईला वेगळं बिऱ्हाड करतो, तिला माणसासारखं वागवतो. आम्ही सगळ्या खूश! आणि मग रघुनाथराव जातात. यमूचं जबरीने केशवपन होतं. त्या धक्क्यातून ती सावरतच नाही, आणि शेवटी तिलाही मरण येतं.

त्या दिवशी आमच्याकडे कोणी चहासुद्धा घेतला नाही. एक काकू तर म्हणाल्या, की हा माणूस समोर असता तर मी त्याला विचारलंच असतं, बाबा रे, दोघांतलं एक तरी ठेवायचं होतंस! तेव्हापासून मला या हरिभाऊंबद्दल जाणून घ्यायची ओढ लागली. कोण होता हा माणूस? बाईच्या मनातलं याला एवढं कळलं कुठून? आणि कळलं, तर मारलं का?

हरिभाऊंचा जन्म १८६४ सालच्या मार्चमधला, खानदेशातल्या पारोळ्याचा. म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही. मलकापूरहून भुसावळ-जळगावकडे जाणारा हमरस्ता पुढे एरंडोलवरून पारोळ्यालाच जातो. आई लहानपणीच गेली. चुलते महादेव चिमणाजी आपटे मुंबईत मोठे वकील. त्यांच्या छायेत, आधी मुंबईत आणि मग पुण्यात, भरल्या एकत्र कुटुंबात हा पोरका मुलगा वाढला. आई नसलेलं मूल स्वयंपाकघराच्या आसपास जास्त घुटमळतं, असं मला आपलं वाटतं. काकू, आत्या, लहान वयात लग्न होऊन आलेल्या सुना, विटाळ-सोवळ्यात बांधलेल्या विधवा... हे सगळं त्याने जवळून पाहिलेलं असणार. माजघरात चालणारी कुजबुज त्याच्या कादंबऱ्यांत जशी उतरली आहे, तशी नुसती पुस्तकं वाचून उतरत नाही.

पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्या काळात त्यांचं शिक्षण झालं. वाचनाचा नाद जबरदस्त. आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' नावाने भाषांतर केलं, तर या विशीतल्या पोराने त्यावर लांबलचक टीका लिहिली. गणिताने मात्र दगा दिला. कॉलेजची पदवी काही हाती आली नाही. आजच्या आईबापांनी डोक्याला हात लावला असता! पण चुलत्यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली होती, जुन्या संस्कृत पोथ्या जपण्यासाठी. तिचा कारभार हरिभाऊंकडे आला. म्हणजे दिवसा जुन्या पोथ्यांची व्यवस्था पाहायची, आणि लिहायला बसलं की त्या जुन्या रूढींखाली चिरडलेल्या मुलींची गोष्ट सांगायची, असा हा माणूस.

१८८५ साली 'मधली स्थिती' ही त्यांची पहिली सामाजिक कादंबरी आली. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' नावाचं साप्ताहिक सुरू केलं आणि ते सुमारे पाव शतक चालवलं. नाव बघा, करमणूक! उपदेश म्हटला की लोक पळतात, गोष्ट म्हटली की जवळ येतात, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. यमूची कहाणी याच 'करमणुकी'तून हप्त्याहप्त्याने येत राहिली. म्हणजे आपल्या मालिकेसारखीच की! एक अंक संपला की पुढच्या अंकाची वाट पाहायची. ज्या घरात बाईने पुस्तक हातात धरणं हे पाप होतं, तिथेही घरातल्या कोणा पुरुषासाठी आलेला अंक आत पोचू शकत होता.

आणि ते दिवस कसले होते! मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ साली झाला, तर त्यावरून पुण्यात रण माजलं. आज आपल्या बाराव्या वर्षाच्या मुली सातवीत असतात, मैत्रिणींनो. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं, त्यावरही वादळ उठलं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी जमली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याला लाज वाटली, पण ज्यांच्या घरात लेकीबाळी होत्या त्यांना वाटत नव्हती. अशा काळात यमूची गोष्ट आली.

आता आमच्या काकूंच्या प्रश्नाकडे येते. हरिभाऊंनी पुढे ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्या. 'उष:काल' लिहिली, 'गड आला पण सिंह गेला' लिहिली. त्यात तानाजी पडतो, आणि आपण रडतो, पण लेखकावर चिडत नाही. का? तर तानाजी १६७० साली कोंढाण्यावर पडला हे इतिहासाने आधीच ठरवलेलं. लेखक काय करणार? मला वाटतं, यमूच्या बाबतीतही हरिभाऊंना तसंच वाटलं असावं. तिचा शेवट त्यांनी ठरवलाच नव्हता, तो तेव्हाच्या घराघरांनी ठरवला होता. त्यांनी यमूला वाचवलं असतं, रघुनाथरावांना बरं केलं असतं, तर वाचणाऱ्याने सुटकेचा श्वास टाकून अंक मिटला असता. आणि शेजारच्या खोलीत बसलेली खरी यमू तशीच अंधारात राहिली असती. होम्सला परत आणता येतं, कारण तो एकटाच होता. यमू एकटी नव्हती.

हे मी गटात सांगितलं, तर सगळ्यांना पटलं. एक ताई सोडून. या ताईंचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली. दोन एकर कोरडवाहू आणि दोन पोरं त्यांनी एकटीने ओढली. त्या म्हणाल्या, की बाई मेली की लोकांना तिची कीव येते, जगली की तिचे दोष दिसतात. यमू मेली म्हणून सगळे रडले. ती जगून, चारचौघांत उभी राहून, पुन्हा संसार मांडून बसली असती तर किती जण रडले असते? लेखकाने तिला मारून लोकांचं काम सोपं केलं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही सगळ्या गप्प झालो.

खोटं नव्हतं ते. कारण त्याच काळात न मेलेल्या बायकाही होत्या. बालपणीच विधवा झालेल्या गोदूबाई शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्यानंतर लोकांनी त्यांना कसं वाळीत टाकलं, ते सर्वांना माहीत आहे. पण त्या १९५० पर्यंत जगल्या, काम करत राहिल्या. खुद्द हरिभाऊंच्या मित्रमंडळात काशीबाई कानिटकर होत्या. नवऱ्याच्या आग्रहाने लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या, अगदी यमूसारख्या. त्यांनी कादंबरी लिहिली, डॉक्टर आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. कानिटकर पतिपत्नींशी हरिभाऊंचा मोठा स्नेह होता. म्हणजे धीट, शहाणी, जगणारी बाई त्यांच्या ओळखीची होती. तरी कादंबरीत त्यांनी मरणारी निवडली.

मग बरोबर कोण, हरिभाऊ की आमच्या ताई? मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटतं, १८९० च्या वाचकाला आधी रडवणंच भाग होतं. ज्याला बाईचं दुःख दिसतच नाही, त्याला तिचं धैर्य कुठून दिसणार? पण ते काम एकदा झालं, की पुढे तेच तेच करत बसू नये. १९१९ साली 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं, त्यातली सोशिक सिंधूही मरते. त्यानंतरही किती सिनेमांत, किती मालिकांत चांगली बाई सोसत सोसत मरते, मोजदाद नाही. हरिभाऊंनी चटका बसावा म्हणून केलं, पुढच्यांनी सवयीने केलं. ताईंचा राग खरं तर त्या सवयीवर आहे.

हरिभाऊ नुसते लिहीत बसले नाहीत, हेही सांगायला हवं. दुष्काळात माणसांची काय दैना होते, यावर त्यांनी 'काळ तर मोठा कठीण आला' ही गोष्ट लिहिली. पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. १९१२ साली अकोल्याला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. म्हणजे आपल्या वऱ्हाडाने त्यांना मानाने बोलावलं होतं. १९१९ च्या मार्चमध्ये ते गेले. वय पुरतं पंचावन्नही नव्हतं. काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या.

आज केशवपन गेलं, बारा वर्षांच्या मुलींचे संसार कायद्याने बंद झाले. पण सगळंच गेलं का? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं आपल्या गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव करावा लागला, याचाच अर्थ ते चालू होतं. खरं तर परिपत्रकाची वाट कशाला पाहायची? संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं देताना आपण कुठलं घर गाळून पुढे जातो, ते ज्याचं त्याला ठाऊक असतं.

या संक्रांतीला आमच्या गटाचं हळदीकुंकू त्या ताईंच्याच ओसरीवर झालं. गावात थोडी कुजबुज झाली, दोघी-तिघी आल्या नाहीत. पण वीस-बावीस जणी आल्या. वाण म्हणून ताईंनी प्रत्येकीला एकेक वही दिली. पहिल्या पानावर काय लिहायचं, ते मात्र त्यांनी ज्याचं त्याच्यावर सोडलंय.