कुलूपवाल्याचा मुलगा

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी विजेची इस्त्री असेल. तिच्यातून किती विद्युतधारा वाहते, तिचा रोध किती, ती किती वीज खाते, हा सगळा हिशेब इस्त्री न उघडता कागदावर करता येतो. आज शाळेतली मुले तो सहज करतात. पण हा हिशेब जगापुढे मांडण्यासाठी एका शाळामास्तरांनी आपली चांगली नोकरी पणाला लावली होती. त्यांचे नाव जॉर्ज सायमन ओहम.

ओहम यांचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलुपे बनवणारे कारागीर होते. ते शाळेत फारसे शिकले नव्हते, पण स्वतःच पुस्तके वाचून त्यांनी गणित आणि विज्ञान आत्मसात केले होते. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. वडिलांनी जॉर्ज व त्याचा धाकटा भाऊ मार्टिन यांना घरीच गणित शिकवले. वडिलांच्या हाताखाली जॉर्ज धातूचे कामही शिकला. हे कसब त्याला पुढे किती उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आले नसेल!

1805 मध्ये जॉर्ज विद्यापीठात गेला. तेथे मात्र त्याचे मन अभ्यासापेक्षा नाचात, बिलियर्डमध्ये आणि बर्फावरून घसरण्याच्या खेळात रमले. वडील संतापले. आपल्याला न मिळालेली संधी मुलगा वाया घालवतो आहे, हे त्यांना कसे सहन होणार? त्यांनी त्याला विद्यापीठातून काढून स्वित्झर्लंडला पाठवले. तेथे सतराव्या वर्षी जॉर्ज मुलांना गणित शिकवू लागला. शिकवता शिकवता त्याने स्वतःचा अभ्यासही केला आणि 1811 मध्ये एर्लांगेनला परत येऊन डॉक्टरेट मिळवली.

पदवी मिळाली, पण मनासारखी नोकरी मिळेना. शेवटी 1817 मध्ये कोलोन शहरातील शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवण्याचे काम मिळाले. या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. येथेच ओहम यांनी एक साधा प्रश्न हाती घेतला. तार लांब केली तर तिच्यातून जाणारी विद्युतधारा किती कमी होते?

प्रश्न साधा, पण उत्तर हाती लागेना. त्या काळच्या बॅटरीचा जोर सारखा कमीजास्त होई. पहिल्या तारेचे मोजमाप करून दुसरी तार जोडावी, तोवर बॅटरीच मंदावलेली असे. मग फरक तारेमुळे पडला की बॅटरीमुळे, हे कसे सांगणार? 1825 मध्ये ओहम यांनी आपले निष्कर्ष छापले, पण त्यातले सूत्र चुकीचे निघाले.

पोगेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांना बॅटरी सोडून उष्णतेपासून वीज मिळवण्याचा सल्ला दिला. बिस्मथ आणि तांबे हे दोन धातू जोडले आणि एक सांधा गरम व दुसरा थंड ठेवला, तर वीज वाहते. ओहम यांनी एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळत आहे आणि बर्फ शिल्लक आहे, तोपर्यंत दोन्ही सांध्यांचे तापमान बदलत नाही. म्हणून विजेचा जोरही बदलत नाही. किती सोपी युक्ती! मग त्यांनी सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड तार 2 इंचांची, तर सर्वांत लांब 130 इंचांची होती. टांगलेल्या चुंबकसूचीच्या साहाय्याने ते धारा मोजत. उपकरणे त्यांनी आपल्याच हातांनी तयार केली होती. वडिलांकडून शिकलेले काम येथे कामी आले.

या वेळी आकडे जुळले. एकूण रोध दुप्पट झाला की धारा निम्मी होते, आणि विजेचा जोर दुप्पट केला की धाराही दुप्पट होते. विजेच्या या जोराला आपण विभवांतर म्हणतो. विभवांतराला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो. समजा, तुमची इस्त्री 230 व्होल्टवर 5 अँपिअर धारा घेते. 230 भागिले 5, म्हणजे तिचा रोध 46 ओहम. विभवांतर आणि धारा यांचा गुणाकार केला, तर शक्ती मिळते. 230 गुणिले 5, म्हणजे 1150 वॅट. तापणाऱ्या तारेचा हा दुसरा हिशेब मात्र ओहम यांचा नव्हे. त्याचा पाया इंग्लंडच्या जूल यांनी 1841 च्या सुमारास घातला.

ओहम यांनी निम्म्या पगारावर रजा घेतली, बर्लिनला जाऊन आपला सिद्धांत लिहून काढला आणि 1827 मध्ये पुस्तक छापले. आता विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळेल, अशी त्यांना आशा होती. झाले उलटेच. विजेचा अभ्यास गणिताने करायचा, हे अनेकांना पटले नाही. बर्लिनच्या एका टीकाकाराने तर पुस्तकावर कडक टीका केली. दुखावलेल्या ओहम यांनी 1828 मध्ये कोलोनची नोकरी सोडली. पुढे पाच वर्षे ते बर्लिनच्या शाळांतून गणिताचे तास घेऊन पोट भरत होते. 1833 मध्ये न्युरेंबर्गला कायमची नोकरी मिळाली, तेव्हा कुठे ओढाताण थांबली.

मान मिळाला तो परदेशातून. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिले. तेव्हा ओहम 52 वर्षांचे होते. ज्या प्राध्यापकपदाची त्यांनी इतकी वाट पाहिली, ते म्युनिकच्या विद्यापीठात 1852 मध्ये मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 6 जुलै 1854 रोजी, म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

1881 मध्ये पॅरिसला अनेक देशांचे वीजतज्ज्ञ जमले आणि त्यांनी रोधाच्या एककाला ओहम हे नाव दिले. तुमच्या प्रयोगशाळेतील रोधाच्या वेटोळ्यावर आकड्यापुढे घोड्याच्या नालासारखे एक ग्रीक अक्षर छापलेले असते. ते ओहम असे वाचायचे.