आवाज फुटला म्हणून कंपनी सुटली, पुढं त्याच कंपनीच्या नाटकाला त्यांनी चाली दिल्या

संगीत नाटक म्हटलं की पहिलं नाव येतं बालगंधर्वांचं. पण बालगंधर्वांनी काय गायचं आणि कसं गायचं, हे ज्यांनी घडवलं ते भास्करबुवा बखले मात्र पडद्याआडच राहिले.

बुवांचा जन्म 1869 चा, सुरतजवळच्या कठोर गावातला. गोड गळ्यामुळं पोरवयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. ‘रामराज्यवियोग’ नाटकात त्यांना कैकेयीची भूमिका मिळाली. सगळं छान चाललेलं आणि वयात येताना आवाज फुटला. स्त्रीभूमिका करणाऱ्या गायक पोरासाठी विषय तिथंच संपतो.

बुवांनी मात्र बडोदा गाठलं आणि फैज महंमद खाँसाहेबांकडं शिकायला सुरुवात केली. नंतर आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, त्यानंतर जयपूरचे अल्लादिया खाँ. एकेका घराण्याची दारं बंद असायच्या काळात एका मराठी माणसानं तीन उस्तादांची विद्या मिळवली. हे सोपं नव्हतं. 1911 मध्ये त्यांनी पुण्यात भारत गायन समाज काढला, कारण ही विद्या साध्या घरातल्या पोरांनाही मिळावी असं त्यांना वाटत होतं.

आणि 1913 मध्ये किर्लोस्कर मंडळीनं खाडिलकरांचं ‘विद्याहरण’ रंगभूमीवर आणलं, त्याच्या चाली बुवांच्या होत्या.

युरोपातल्या ऑपेरात वादकांसमोर स्वरलिपीचे कागद असतात आणि कंडक्टर हातात छडी घेऊन उभा असतो. आपल्याकडं त्यातलं काहीच नव्हतं. तबला, सारंगी, ऑर्गन सगळे नटाच्या गळ्यामागं जायचे. त्यामुळं संगीत ठरायचं ते तालमीत, चाल देणाऱ्या गुरूसमोर. तिथं बुवांचा शब्द शेवटचा.

त्याच वर्षी बालगंधर्व किर्लोस्करमधून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. 1916 च्या ‘स्वयंवर’ला चाली पुन्हा बुवांच्याच. आधीच्या नाटकांत साकी, दिंडी, कीर्तन-लावणीच्या चाली भरपूर असायच्या. बुवांनी ख्यालाच्या बंदिशी थेट रंगमंचावर आणल्या. यमन, बिहाग, भीमपलास ही नावंही ज्यांना ठाऊक नव्हती, ते प्रेक्षक रुक्मिणीची पदं गुणगुणत घरी जायला लागले. 1920 ला ‘द्रौपदी’ आलं.

8 एप्रिल 1922 ला पुण्यात बुवा गेले. वय फक्त 52. गंधर्व मंडळीच्या संगीताची धुरा पुढं त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांच्याकडं आली, 1931 च्या ‘कान्होपात्रा’च्या चाली त्यांच्याच. आणि बुवांचा भारत गायन समाज पुण्यात आजही सुरू आहे.