ब्रुकलँड्सचे ह्यू लॉक किंग

तलासरीवरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर भरधाव मोटारी आपण नित्य पाहतों. मोटारींना वेगानें धांवण्यासाठीं ज्यानें आपली दौलत पणास लावली, अशा एका गृहस्थाची ही हकीकत आहे.

ह्यू लॉक किंग यांचा जन्म १८४८ सालीं इंग्लंडांतील एका धनिक घराण्यांत झाला. सरे परगण्यांत वेब्रिजजवळ ब्रुकलँड्स ही त्यांची वडिलोपार्जित जमीन होती. १९०५ सालीं इटलींत ब्रेशा येथें ते शर्यत पाहण्यास गेले असतां तेथें इंग्रजी मोटार न दिसल्याचें त्यांना शल्य वाटलें. इंग्लंडांत रस्त्यावर तासास २० मैलांहून अधिक वेग कायद्यानें मना होता; मग कारखानदारांनीं गाडीची परीक्षा घ्यावी तरी कोठें?

त्यांनीं स्वतःच्या जमिनीवर सुमारें पावणेतीन मैलांचा, १०० फूट रुंद असा काँक्रीटचा वाटोळा मार्ग बांधावयास घेतला. वळणावर भरधाव गाडी बाहेर फेकली जाऊं नये म्हणून तेथील बाहेरची कड जवळजवळ ३० फूट उंच केली. खर्च दीड लाख पौंडांच्या घरांत गेला, लॉक किंग यांची प्रकृति ढासळली, आणि काम अर्धवट राहतें कीं काय अशी वेळ आली. तेव्हां पत्नी एथेल यांनीं कारभार हातीं घेतला. त्यांच्या माहेरच्यांनीं पैशाचें साहाय्य केलें. १७ जून १९०७ रोजीं मार्ग खुला झाला, त्या वेळीं मोटारींच्या अग्रभागीं एथेलबाई स्वतः गाडी हांकीत होत्या. आमच्या मतें निम्में श्रेय त्यांचेंच!

लॉक किंग १९२६ सालीं वारले. १९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच शर्यती कायमच्या थांबल्या व तेथें विमानांचे कारखाने वाढले. आज त्या जागीं संग्रहालय असून जुन्या वळणाचा कांहीं भाग अद्याप उभा आहे.