चित्रांच्या तोंडी शब्द घालणारा माणूस : मॅक्स फ्लायशर

गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या मुलांनी पडद्यावर एक छोटी कार्टून फिल्म दाखवली होती, ती बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. त्यातल्या खारुताईचा आवाज आमच्या सौभाग्यवतींचा. नातीने आजीचे बोलणे फोनवर रेकॉर्ड केले, संगणकात घातले, आणि खारुताईचे ओठ आपोआप हलू लागले. मी शेजारी बसून बघत होतो. एक गोष्ट मात्र खटकली. मामा म्हणताना खारुताईचे तोंड मिटतच नव्हते. प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण, ओठाला ओठ लागल्याशिवाय ते निघत नाहीत, हे आपल्याला शाळेत शिकवलेले. नातीने कपाळाला हात लावला आणि तेवढा भाग हाताने दुरुस्त करत बसली.

चित्राचे ओठ आवाजाशी जुळवण्याची ही खटपट कुणी सुरू केली, म्हणून वाचायला घेतले, आणि त्यात मॅक्स फ्लायशर भेटले. पोपाय आणि बेटी बूप ही नावे आपल्या मुलांना माहीत असतात, त्यांना पडद्यावर आणणारा माणूस सहसा माहीत नसतो.

मॅक्स यांचा जन्म १९ जुलै १८८३ रोजी क्राकोव्ह येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील शिंपीकाम करायचे. १८८७ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला आले आणि पुढे ब्रुकलिनमध्ये राहू लागले. तिथल्या ब्रुकलिन डेली ईगल या वर्तमानपत्रात मॅक्स पोऱ्या म्हणून लागले आणि व्यंगचित्रकार झाले. हातात चित्रकला आणि डोक्यात यंत्रे. पुढे पॉप्युलर सायन्स मासिकात कला संपादक झाल्यावर या दोन्हींची गाठ पडली.

त्या काळची कार्टून्स धक्के खात चालायची. मॅक्स यांनी जो, डेव्ह या भावांना हाताशी धरून यावर उपाय काढला. खऱ्या माणसाचे चित्रीकरण करायचे, त्याची एकेक चौकट काचेवर खालून पाडायची आणि वर कागद ठेवून गिरवायची. हेच रोटोस्कोप. डेव्ह यांनी विदूषकाचा वेश चढवून उड्या मारल्या आणि मॅक्स यांनी त्या गिरवल्या. जेमतेम मिनिटभराच्या फिल्मला वर्षाच्या आसपास वेळ लागला. १९१५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९१७ मध्ये ते मिळाले. त्या विदूषकाचा पुढे कोको झाला, आणि १९२१ मध्ये भावांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. १९२३ मध्ये मॅक्स यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावरही एक फिल्म केली, हे वाचून मी थक्क झालो.

चाल जमली, आता वाणी. ली द फॉरेस्ट यांनी फोनोफिल्म नावाची पद्धत काढली होती. तिच्यात आवाज प्रकाशाच्या रेषांच्या रूपाने फिल्मच्याच कडेला उमटवत, त्यामुळे चित्र आणि आवाज बरोबर चालत. १९२४ पासून मॅक्स यांनी तिच्यावर गाण्यांची कार्टून्स काढली. गाण्याचे शब्द पडद्यावर येत आणि एक पांढरा चेंडू त्या त्या अक्षरावर टप्पे घेत जाई. थिएटरातली माणसे त्याच्यामागे गात. हा चेंडू चित्रातला नव्हता. काठीच्या टोकाला लावलेला खरा चेंडू कुणीतरी तालात नाचवायचे आणि त्याचे चित्रीकरण व्हायचे. भजनात झांज वाजवणाऱ्याचेच काम म्हणा ना! आजच्या कॅरिओकेशी याचे बरेच साम्य आहे.

याच मालिकेतल्या १९२६ च्या माय ओल्ड केंटकी होम या फिल्ममध्ये एक कुत्रा प्रेक्षकांकडे वळून चेंडूमागे गायला सांगतो, आणि त्याचे ओठ शब्दांबरोबर हलतात. डिस्ने यांची स्टीमबोट विली आली नोव्हेंबर १९२८ मध्ये. पहिले बोलपट कार्टून म्हणून नाव झाले ते मात्र विलीचे. फोनोफिल्मची सोय फार थोड्या थिएटरांत होती, आणि मॅक्स यांची वितरण कंपनी दिवाळखोरीत गेली. माल चांगला आणि दुकान बंद, अशी कर्जखाती मी नोकरीत बरीच पाहिली आहेत.

पुढे दोन रीती पडल्या. इतरत्र संवाद आधी रेकॉर्ड करत. ती फिल्म यंत्रावर पुढेमागे फिरवून कोणता उच्चार कुठल्या चौकटीवर येतो ते तक्त्यात लिहायचे, आणि चित्रकाराने त्याप्रमाणे तोंडे काढायची. सेकंदाला २४ चौकटी. ओठ मिटलेले, गोल, दात ओठावर टेकलेले, अशा आठ-दहा आकारांत बहुतेक बोलणे बसते. नातीचा संगणक हेच काम करतो, फक्त तक्ता स्वतः लिहितो.

फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओची रीत उलटी होती. चित्रे आधी, आवाज मागाहून. पोपाय मूळचा सेगर यांच्या वर्तमानपत्री चित्रमालिकेतला, १९३३ मध्ये तो पडद्यावर आला. १९३५ पासून त्याला आवाज देणारे जॅक मर्सर स्टुडिओतच चित्रे काढायचे. तयार फिल्म समोर चालू असताना, पोपायचे तोंड बंद असले तरी, ते मनात येईल ते पुटपुटत सुटायचे. ओठ कुठे आणि शब्द कुठे! पण लोकांना पोपाय आवडला तो त्या पुटपुटण्यासकट. गिरवण्याचे यंत्र ज्यांनी बनवले, त्यांनीच आवाजाला इतकी मोकळीक द्यावी, याचे मला फार नवल वाटते.

बेटी बूपच्या आवाजाने तर कोर्टाची पायरी चढायला लावली. गायिका हेलन केन यांनी आपली लकब चोरली म्हणून १९३२ मध्ये अडीच लाख डॉलरचा दावा लावला. तशी गाण्याची लकब त्यांच्या आधीही होती असा पुरावा पुढे आला आणि १९३४ मध्ये निकाल मॅक्स यांच्या बाजूने लागला.

१९३७ मध्ये स्टुडिओत काही महिने संप चालला. १९३८ मध्ये सगळे बिऱ्हाड मायामीला हलले. तिथे गलिव्हर्स ट्रॅव्हल्स हा पूर्ण लांबीचा चित्रपट झाला, १९३९ च्या डिसेंबरात प्रदर्शित. त्यात सॅम पार्कर या रेडिओ निवेदकाने गलिव्हरला आवाजही दिला आणि रोटोस्कोपसाठी शरीरही. पहिल्या यंत्राची आणि आवाजाची गाठ इथेही पडली.

पण हिशेब बिघडला होता. पैसा वितरक पॅरामाउंटचा, खर्च वाढता, आणि मॅक्स व डेव्ह यांच्यात अबोला. १९४१ च्या करारात स्टुडिओ पॅरामाउंटच्या हाती गेला आणि दोघा भावांना राजीनामे आधीच सही करून द्यावे लागले. असा कागद मी कुठल्याही कर्जदाराला सही करू दिला नसता. त्याच वर्षी सुपरमॅन गाजला, तरी दुसरा मोठा चित्रपट पर्ल हार्बरच्या हल्ल्याच्या गडबडीत बुडाला. १९४२ मध्ये मॅक्स बाहेर पडले. त्यांनी पुढे डेट्रॉइटच्या जॅम हँडी कंपनीत काम केले.

त्यांचा मुलगा रिचर्ड दिग्दर्शक झाला. डिस्ने यांनी त्याला चित्रपट देऊ केला, तेव्हा त्याने आधी वडिलांना विचारले. इतक्या वर्षांच्या प्रतिस्पर्ध्याकडे काम करायला मॅक्स यांनी मोकळ्या मनाने होकार दिला. तो १९५४ चा ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी. पॅरामाउंटवर मात्र त्यांनी दावा लावला, तो हरले. ११ सप्टेंबर १९७२ रोजी कॅलिफोर्नियात चित्रपट व्यवसायातल्या वृद्धांसाठी असलेल्या निवासात ते वारले. वय ८९.

हे सगळे मी नातीला सांगितले. तिने खारुताईचा आवाज बंद केला, फिल्म लावली आणि आजीला समोर बसवून बघत बघत बोलायला सांगितले. सौभाग्यवतींनी तीन ठिकाणी पदरचे घातले, एकदा तर चहाचे आधण ठेवलेले आठवून मध्येच मला हाक मारली. ती हाकही फिल्ममध्ये तशीच आहे. येत्या उत्सवात ऐका.