राजाच्या नातवाचा अनाम आजार

इटलीतील फ्लॉरेन्स शहर. 1827 चा डिसेंबर महिना. इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचे नातू ऑगस्टस द'एस्ते तेथे मुक्कामाला होते. वय अवघे 33. नोकरमंडळी जवळ नसताना ते उभे राहायला गेले आणि पायांनी एकाएकी दगा दिला. नोकराच्या कानी आवाज जाईपर्यंत ते जमिनीवरच पडून राहिले. त्याच दिवशी पुन्हा एकदा हाच प्रसंग ओढवला. सुमारे 21 दिवसांच्या या अवस्थेत ते पाचेक वेळा कोसळले. एकदाही शुद्ध हरपली नाही, पायच देहाचा भार पेलेनासे झाले होते, असे त्यांनी रोजनिशीत स्पष्टपणे नोंदवले आहे.

मूर्च्छा आणि पायांची दुर्बलता यांतील हा फरक एका रुग्णाने, कोणतेही वैद्यकीय शिक्षण नसताना टिपला. म्हणूनच ही रोजनिशी वैद्यकाच्या इतिहासात मोलाची ठरली. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकाराचे रुग्णाने स्वतः लिहून ठेवलेले सर्वांत जुने तपशीलवार वर्णन म्हणून ती आज ओळखली जाते.

ऑगस्टस यांचा जन्म 13 जानेवारी 1794 चा, लंडनमधला. वडील प्रिन्स ऑगस्टस फ्रेडरिक हे राजांचे सहावे पुत्र आणि पुढे ड्यूक ऑफ ससेक्स. त्यांनी 1793 मध्ये रोम येथे लेडी ऑगस्टा मरे यांच्याशी विवाह केला, तोही राजाची परवानगी न घेता. 1772 च्या राजघराण्याच्या विवाह कायद्याने असा विवाह बेकायदा होता. मुलगा काही महिन्यांचा असतानाच तो रद्दबातल ठरला. राजाचा सख्खा नातू, पुढे राणी व्हिक्टोरियाचा सख्खा चुलतभाऊ, पण घराण्याच्या नावावर हक्क नाही, अशा विचित्र स्थितीत हे मूल वाढले. तरुणपणी ते सैन्यात गेले आणि 1815 च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर होते.

आजाराची पहिली चाहूल डिसेंबर 1822 मध्ये लागली. पित्यासमान मानलेल्या एका गृहस्थाच्या भेटीसाठी ते स्कॉटलंडला निघाले, परंतु पोहोचण्यापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला. अंत्यविधीनंतर ऑगस्टस यांची दृष्टी इतकी अंधूक झाली की आलेली पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली, उत्तरेही दुसऱ्यानेच लिहिली. पुढे ते आयर्लंडला गेले आणि कोणताही उपचार न करता डोळे पूर्ववत झाले. आपण आवरलेल्या अश्रूंचा हा परिणाम, असा त्यांचा ग्रह झाला. त्या काळच्या समजुती पाहता त्यात नवल नाही.

फ्लॉरेन्समध्येही सुरुवात डोळ्यांपासूनच झाली. एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या. वैद्यांनी पित्तावर खापर फोडले, कानशिलांना जळवा लावल्या, रक्त काढले. दृष्टी सुधारली, पण मग पायांतील बळ दिवसेंदिवस ओसरू लागले आणि पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाशी बधिरता आली. आता उपाय उलटा! दिवसातून दोनदा बीफ, जोडीला बिअर आणि द्राक्षाची मद्ये, शिवाय ब्रशने पायांना औषधी तेलाचे मर्दन. हळूहळू ते पुन्हा चालू लागले. श्रेय अर्थातच या आहाराला मिळाले.

वास्तविक या विकाराची चालच तशी आहे. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. संदेशवहन अडते आणि कधी डोळे, कधी पाय निकामी होतात. सूज ओसरली की पुष्कळदा शक्ती परतते, मात्र प्रत्येक झटका मागे काही ना काही ठेवून जातो. आज अशा झटक्यात स्टिरॉइडचे मोठे डोस देऊन सूज लवकर उतरवता येते, पुढचे झटके कमी करणारी औषधेही उपलब्ध आहेत. ऑगस्टस यांच्या वाट्याला आली ती समुद्रस्नाने, जर्मनीत ड्रिबुर्ग येथील लोहयुक्त पाणी आणि नंतर विजेचे प्रयोग. प्रत्येक उपचार त्यांनी आशेने केला आणि त्याचा गुण आला की नाही तेही लिहून ठेवले.

याच शरीरानिशी त्यांनी उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींच्या हक्कांची बाजू लंडनमध्ये लावून धरली, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही.

1843 मध्ये वडील वारले. ऑगस्टस यांनी ससेक्सच्या ड्यूकपदावर दावा सांगितला. आई-वडिलांचा विवाह वैध होता, हे सिद्ध करण्यासाठीचा तो अखेरचा झगडा. 1844 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो दावा फेटाळला. त्या सुमारास चालणेही दुरापास्त होत चालले होते. आधी काठी, मग चाकांची खुर्ची आली. दावा हरल्याने किंवा चालणे थांबल्याने नोंदी मात्र थांबल्या नाहीत.

28 डिसेंबर 1848 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. रॅम्सगेट येथील सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात आईजवळच त्यांचे दफन झाले. फ्रान्सचे मज्जाविकारतज्ज्ञ ज्याँ मार्तँ शार्को यांनी या विकाराचे सुस्पष्ट वर्णन केले ते 1868 मध्ये, म्हणजे ऑगस्टस यांच्या मृत्यूनंतर 20 वर्षांनी. वर्षानुवर्षे ज्याचा हिशेब ठेवला, त्या आजाराचे नाव त्यांना कधीच कळले नाही. ते दिले ब्रिटिश डॉक्टर डग्लस फर्थ यांनी, या रोजनिशीवरील आपल्या पुस्तकात. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा 1948 साल उजाडले होते.